बारा ढेपांचा नवस

सुप्याच्या बाजारात भिकाजीशेटचं दुकान कुठलं, हे कुणाला विचारावं लागत नसे. ज्या ओट्यावर एकाच माणसानं दोघांची जागा अडवली आहे, ते दुकान त्याचं. मीठ, गूळ, तंबाखू, सुकी मिरची असा माल. बाप खानापुराहून बैलगाडी घेऊन आला तेव्हापासूनचा. ओट्यावर गादी, गादीवर भिकाजी आणि समोर सोंगट्यांचा पट. गिऱ्हाईक आलं की माल हमाल लखू तोलून द्यायचा. शेटनं बसल्या जागेवरून फक्त "घाल त्याला चिमूटभर वरती" एवढं म्हणायचं. सकाळी बसलेला भिकाजी दुपारी जेवायला उठायचा. उठताना दोन्ही हात टेकून "माउली!" म्हणायचा, तेव्हा समोर खेळत बसलेला उमाजी सोनार पटावरच्या सोंगट्या तळहातानं दाबून धरायचा.

"धरणीकंपात डाव मोडतो," असं उमाजीचं म्हणणं.

भिकाजी हसायचा. जाड्या माणसाला हसण्यावाचून गत्यंतर नसतं. तो चिडला तर लोक आणखी हसतात.

पण तो जन्माचा जाडा नव्हता. त्याचं अंग म्हणजे त्याच्या बायकोची, ताराक्काची, चार वर्षांची मेहनत होती. आणि त्या मेहनतीच्या मुळाशी एक नवस होता.

त्या काळी सरकारी कारकुनाची सुप्याला बदली झाली की घरचे रडत. रान दाट, पाऊस चार-चार महिने, आणि ताप असा की धरला तर माणूस पिळून टाकायचा. भिकाजीला भादव्यात थंडी वाजायला लागली आणि एकविसाव्या दिवशी तो बायकोलाही ओळखेना. तेव्हा ताराक्का अंगणात गेली, नंदिगड्ड्याच्या वाटेवरच्या माउलीच्या डोंगराकडं तोंड करून पदर पसरला आणि म्हणाली, "माउली, माझा माणूस उठू दे. त्याच्या भारंभार गूळ तुला घालीन." आणखीही काहीतरी ती पुटपुटली, पण ते देवीनंच ऐकलं. दिवाळीला भिकाजी भिंतीला धरून चालायला लागला.

नवस लगेच माघातल्या जत्रेत फेडायचा. देवळापुढच्या फणसाला मोठी तराजू टांगतात. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात त्याच्या वजनाचा गूळ. मग तो गूळ फोडून जत्रेला वाटायचा. ताराक्का तयारीलाही लागली होती. पण शेजारच्या म्हाताऱ्या गप्प बसतात होय?

"हाडाच्या सापळ्याचा गूळ घालतीस?" एक म्हणाली. "देवीला फसवतीस व्हय गं? भर त्याला आधी. भरल्या अंगाचा भार घाल."

ताराक्काला ते पटलं. देवीनं अख्खा माणूस परत दिला आणि आपण त्याचा अर्धाच गूळ घालायचा, हे तिच्या मनाला कसंसंच वाटलं. मग तूप आलं, दूध आलं, सणाला पुरण, वाराला शिरा, आणि अधलेमधले दिवस कोरडे जाऊ नयेत म्हणून तांदळाची गुळातली खीर. ही खीर म्हणजे एक प्रकरणच होतं. पाहुणा आला की त्याला वाटीभर मिळायची, आणि पाहुणा दोन घोटांनंतर पाण्याचा तांब्या शोधायचा. "वहिनींच्या खिरीत मुंगी पडली, तर ती पण आधी पाणी मागंल," असं उमाजी एकदा बाहेर ओट्यावर म्हणाला. भिकाजीनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. जिनं एकवीस दिवस उशाशी बसून काढले, तिनं खिरीत मूठभर गूळ जास्त घातला तर तो खायचा. त्यात बोलण्यासारखं काय आहे?

पुढच्या माघापर्यंत भिकाजी भरला. इतका भरला की लखूनं दुकानच्या मोठ्या काट्यावर त्याला तोलला तेव्हा गुळाच्या चक्क बारा ढेपा लागल्या. आणि मग लक्षात आलं की करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कारण माउलीचा एक नियम होता. नवसाच्या माणसानं आपल्या उंबऱ्यापासून देवीच्या पायरीपर्यंत स्वतःच्या पायांनी यायचं. गाडी चालत नाही, घोडा चालत नाही. जो आपला भार आपण आणत नाही, त्याचा भार आई तोलत नाही. वाट तीन कोसांची होती आणि शेवटी उभा चढ होता.

त्या वर्षी भिकाजी अर्धा कोस गेला आणि एका बांधावर बसला तो उठेनाच. त्याच्या पुढच्या माघात ताराक्कानं डोली केली. चार भोई पाळीपाळीनं कण्हत देवळापर्यंत पोचले, पण गावड्यानं, म्हणजे देवीची पूजा करणाऱ्या म्हाताऱ्यानं, डोलीकडं पाहूनच मान हलवली. "भोयांचा भार तोलतो म्हणशील तर तोलतो," तो म्हणाला. जत्रा पोट धरून हसली. त्यानंतरच्या माघात ताराक्का एकटीच अनवाणी चालत गेली आणि पाया पडून आणखी एका वर्षाची मुदत मागून आली.

असं हे चाललं होतं. भिकाजीला वाटे, बायकांचे नवस, होईल कधीतरी.

दसऱ्यानंतरची गोष्ट. दुपारचं जेवून भिकाजी परसदारी वाऱ्याला बसला होता. आत पडवीत फुला भात कांडायला आली होती. फुला ही धाकलू कुणब्याची बायको. दोघं नवराबायको नंदिगड्ड्याच्या वाटेवरच्या वाडीतून बाजाराला येत. धाकलू मध, शिकेकाई, रानातले कंद विकायचा, तोवर फुला ताराक्काचं कांडण उरकायची.

"आक्का, ह्यो मध बघ," फुला म्हणत होती. "आज सकाळीच काढलाय. जरा बोट तरी लाव."

"ठेव तिथं. शेट खातील."

"शेट खातील, शेट खातील! अगं, चार वर्सं झाली. दिवाळीला न्हाई, पाडव्याला न्हाई. पोटच्या लेकरापायीबी कुणी असं कडक र्‍हात न्हाई. आन ह्या माघात नवस न्हाई फिटला म्हंजे? पाचवी जत्रा ही. पाच जत्रांत न्हाई फिटला तर नवस शिळा व्हतो, आन त्यापायी जे सोडलं ते जल्माचं सुटतं. मग काय जल्मभर गोडाला शिवणार न्हाईस?"

"हळू बोल गं," ताराक्का म्हणाली. "भाईर ऐकू जाईल."

बाहेर ऐकू गेलं होतं.

भिकाजी बसल्या जागी चार वर्षं मागं गेला. सणाचं ताट त्याच्यापुढं यायचं, ताराक्का शेजारी वारा घालत बसायची आणि "तू पण बस की" म्हटलं तर "मी मागनं खाते" म्हणायची. मागनं ती काय खात होती, हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. पुरणाची पोळी तुपात बुडवून तो खात होता आणि ती स्वयंपाकघरात भाकरी-चटणी खात होती. लोक हसले तेव्हा त्याला आपल्या पोटाची कधी लाज वाटली नव्हती. आज वाटली. अशी वाटली की धोतर वर ओढून पोट झाकावं.

फुला गेल्यावर तो आत आला.

"तारा, खरं हाय काय ते?"

ती सूप पाखडत राहिली. "माझं आन देवीचं हाय ते. तुमी मधी पडू नका."

"अगं पण चार वर्सं!"

"गोड न्हाई खाल्लं म्हणून कोण मेलंय व्हय? खाऊन मेलेली बघितल्यात."

"आन ह्या माघात जमलं न्हाई तर?"

ताराक्कानं सूप खाली ठेवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती सहज म्हणाली, "मग काय, सवय झालीच हाय."

हे भिकाजीच्या जिव्हारी लागलं. माघाला चार महिने होते.

आता माणूस मनावर घेतो तेव्हा आधी सगळे चुकीचे रस्ते धुंडाळतो. भिकाजीनं बेळगावच्या एका वैद्याकडून चूर्ण मागवलं. त्यानं भूक दुप्पट लागायला लागली. मग त्यानं उपास धरले. पण एकादशी अन् दुप्पट खाशी, हे त्याच्याबाबतीत शब्दशः खरं झालं. खानापूरच्या तालमीतून मुद्गलांची जोडी आणली. तिसऱ्याच दिवशी एक मुद्गल हातातून सुटून कौलं फोडून परड्यात पडला आणि शेजाऱ्याची म्हैस दोर तोडून पळाली. उमाजीनं ही कथा बाजारात तिखटमीठ लावून आठ दिवस पुरवली.

शेवटी एका बाजारच्या दिवशी भिकाजीनं धाकलूला ओट्यावर बोलावलं. धाकलू म्हणजे वेताची काठी. कमरेला कोयता, डोक्यावर ओझं, आणि वय किती ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"धाकलू, तू दर बाजाराला दीड कोस येतोस आन दीड कोस जातोस. दमत न्हाईस?"

"दमतो की."

"मग काय करतोस?"

"बसतो."

"आन मग?"

"मग उठतो," धाकलू म्हणाला. शेट असलं काय विचारतो आहे, हे त्याला कळेना. मग त्याला उमगलं. तो जरा पुढं सरकला. "शेट, आमच्यात एक रीत हाय. जितं दम लागला तितं बसायचं. एक हिरवं पान भुईवर ठेवायचं, वर धोंडा. दमणूक धोंड्याखाली ठेवायची, फुडं न्यायची न्हाई. दुसऱ्या दिशी त्या धोंड्याच्या अलीकडं बसायचं न्हाई. फुडं चार पावलं का व्हईना, फुडंच."

"बस्स? एवढंच?"

"आन जेवायची येळ झाली म्हणून जेवायचं न्हाई. भूक लागल्यावर जेवायचं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना भिकाजी निघाला. पहिला धोंडा दुकानाच्या ओट्यावरून दिसेल इतक्या जवळ पडला. उमाजी दात घासता घासता पाहत होता. "शेट, दमणूक इतक्या जवळ ठेवू नका," तो ओरडला, "कुत्री घेऊन येतील माघारी." भिकाजीनं पान ठेवलं, वर धोंडा ठेवला आणि मुकाट घरी आला.

दुसरा धोंडा चिंचेपाशी, तिसरा ओढ्याच्या अलीकडं. ओढ्याच्या पलीकडं जायला त्याला पाच दिवस लागले. कधी चाळीस पावलं पुढं, कधी चारच. पण मागं नाही. जेवणही बदललं. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी भाकरी, धाकलूनं आणलेले भाजलेले कंद आणि रानभाजी. कंदाला मातीचा वास यायचा आणि तो त्याला आवडायला लागला. भूक लागल्यावर जेवायचं हे मात्र सगळ्यांत कठीण गेलं, कारण भूक लागणं म्हणजे काय हे तो विसरूनच गेला होता. पहिल्यांदा खरी भूक लागली तेव्हा त्याला वाटलं, पोटात काहीतरी दुखतंय.

ताराक्काला हे जड गेलं. नवस फिटावा हे तिलाही हवं होतं, पण चार वर्षांचा हात एकदम आखडत नाही. सणावारी ती खिरीची वाटी पुढं सरकवायचीच. त्यानं दोन चमचे खाऊन बाजूला केली की तिचं तोंड उतरायचं.

"माझ्या हातची चव गेली काय?"

"न्हाई गं. चव हाय तशीच हाय," भिकाजी म्हणायचा. यात खोटं काही नव्हतं.

मार्गशीर्षात त्यानं एक आगळीक केली. महिना उरला दीड, आणि वाट अजून निम्मीही झाली नव्हती. त्यानं मनाशी हिशेब केला की असं मुंगीच्या पावलानं चाललो तर माघ उलटेल. धाकलूला न सांगता एका सकाळी तो शेवटचा धोंडा ओलांडून न थांबता चालत राहिला. सहा-सात धोंड्यांचं अंतर एका दमात. मग छातीत असा घण बसायला लागला की डोळ्यांपुढं रान काळं झालं. बाजाराला येणाऱ्या धाकलूला तो वाटेत आडवा पडलेला सापडला. त्याला खांद्याचा आधार देत घरी आणायला दुपार झाली.

ताराक्कानं त्याचे पाय धुतले, छातीला तेल चोळलं. मग एकदम म्हणाली, "र्‍हाऊ दे नवस. शिळा व्हऊ दे. मला गोड नको. तुमीच न्हाईसा तर मी काय गूळ चाटत बसू?" आणि ती रडायला लागली. तापाच्या एकवीस दिवसांतही ती त्याच्यासमोर रडली नव्हती.

तीन दिवस भिकाजी घरात पडून राहिला. चौथ्या दिवशी उठला आणि नेहमीच्याच धोंड्यापर्यंत गेला. धाकलू तिथं ओझं उतरवून वाट पाहत होता.

"धोंडं मोडून जाऊ नका, शेट," तो रागानं म्हणाला. कुणब्यानं शेटला रागवायचा तो काळ नव्हता, पण तो रागावला. "दमणूक ठेवायला बसलाच न्हाईसा, मग ती तुमाला घेऊन बसली. एकाफुडं एकच."

भिकाजीनं कान पकडले. खरंच दोन्ही हातांनी पकडले.

त्यानंतर गाडं रुळलं. पौषात तो धाकलूच्या वाडीपर्यंत पोचायला लागला, म्हणजे निम्मी वाट झाली. सोंगट्यांना जोडीदार उरला नाही म्हणून उमाजीही मागून यायला लागला आणि तो किडकिडीत सोनार भिकाजीपेक्षा जास्त धापा टाकतो, हे उघड झालं. एका संध्याकाळी वाडीच्या खळ्यावर मळणी संपली म्हणून ढोल वाजत होता, पुरुष गोल धरून नाचत होते. धाकलूनं शेटचा हात धरला आणि गोलात ओढला. तीन फेरे भिकाजी नाचला. पोट एका तालात, पाय दुसऱ्या. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि ह्या वेळी तोही मनापासून हसला. पंधरा वर्षं सोंगट्या खेळून जो आनंद झाला नव्हता तो त्या तीन फेऱ्यांत झाला, असं तो घरी येऊन सांगत सुटला.

जत्रेच्या आदल्या दिवशी ताराक्कानं कोठीतल्या बारा ढेपा निवडल्या. प्रत्येकीला हळदकुंकू लावलं आणि देवीच्या नावानं वेगळ्या काढल्या. "आता मी बाराचा न्हाई गं," भिकाजी म्हणाला. "असूंद्या. देवीफुडं हात आखडायचा न्हाई," ती म्हणाली. ढेपा घेऊन लखू आणि दोन गडी पुढं गेले.

पहाटे दोघं उंबरा ओलांडून निघाली. भिकाजी पुढं, ताराक्का मागं. थंडीत वाट ओली होती. पहिला धोंडा लागला, चिंच लागली, ओढा लागला. भिकाजी कुठंच बसला नाही. प्रत्येक धोंड्याला नुसता पायाचा अंगठा लावून पुढं जात होता. मार्गशीर्षात जिथं तो पडला होता तिथं ताराक्का क्षणभर थांबली. वाडीत धाकलू आणि फुला सामील झाली, मागून उमाजी आलाच. वाडीच्या पुढच्या वाटेवरही धोंडे होते. पण शेवटच्या चढाला नव्हते. त्या चढावर भिकाजी कधी आलाच नव्हता.

चढाच्या मधोमध त्याचा दम संपला. तो एका मुळावर बसला. डोक्यावरून घाम गळत होता. देवळाचा ढोल ऐकू येत होता आणि तरी ते डोंगराएवढं लांब वाटत होतं. ताराक्कानं शेजारच्या झुडपाचं एक पान तोडलं, भुईवर ठेवलं, वर धोंडा ठेवला आणि त्याच्याजवळ बसली.

"बसा निवांत," ती म्हणाली. "जत्रा काय पळून जात न्हाई."

दोघं बसली. मग उठली. आणखी एकदा बसली, आणखी एकदा उठली. आणि उन्हं तापायच्या आत भिकाजीनं देवीच्या पायरीवर डोकं टेकलं.

फणसाखाली माणसं दाटली. भिकाजी पारड्यात बसला, दुसऱ्या पारड्यात लखूनं बारा ढेपा रचल्या. भिकाजी सर्रकन वर गेला. लोक हसले. गावड्यानं एक ढेप काढायला सांगितली. तरी तो वरच. मग एक ढेप फोडून निम्मी काढली, तेव्हा काटा उभा राहिला. साडेदहा.

आणि मागून कुणीतरी म्हणालं, "बारा ढेपांचा नवस साडेधावर आला! वाणी तो वाणीच. देवीच्या मापातबी मारतोय."

आता आयुष्यभर गिऱ्हाइकाला चिमूटभर वरती घालणाऱ्या माणसाला हे किती झोंबलं असेल! पण भिकाजीचं लक्ष बोलणाऱ्याकडं नव्हतं. ताराक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता. देवीच्या नावानं काढलेलं देवीपुढं उरलं. नवस फिटला की नाही?

गावडा म्हातारा पारड्याजवळ आला. त्यानं बाजूला काढलेली दीड ढेप पाहिली, मग भिकाजीला पाहिलं.

"शेट, दीड ढेप कुटं गेली?"

"वाटंत ठेवली," भिकाजी हळूच म्हणाला.

"वाटंत? कुटं?"

"धोंड्याखाली. एकेका धोंड्याखाली थोडी थोडी."

धाकलूनं पुढं होऊन पान-धोंड्याची हकीकत सांगितली. किती धोंडे, कुठं कुठं, सगळं. गावडा ऐकत राहिला आणि त्याच्या बोळक्या तोंडावर हसू पसरत गेलं. मग तो माणसांकडं वळला.

"डोंगर कुणाचा? आईचा. वाट कुणाची? आईची. मग ह्या बाबानं जे वाटंत ठेवलं ते कुणाला पोचलं? डोलीत बसून आला तवा आणलं न्हवतं, औंदा सगळं पायानं आणलं. बारा ढेपा पोचल्या!" त्यानं घंटेचा टोल दिला. "ही दीड ढेप धोंड्यांची. जाताना धोंड्यागणिक उभं र्‍हायचं, वाटंनं येईल त्याच्या हातावर एक खडा ठेवायचा. जा, फिटला नवस."

ताराक्कानं डोळे मिटून हात जोडले. तिचे ओठ हलत होते, पण ह्या वेळीही ते देवीनंच ऐकलं.

मग देवळामागं चूल मांडून तिनं नैवेद्याची खीर केली. नव्या तांदळाची, त्याच गुळातली. नैवेद्य दाखवून झाल्यावर पंगत बसली, पानांवर खीर वाढली गेली. दोन घासांत माणसं पाण्याच्या घागरीकडं पाहायला लागली. उमाजीनं तर आधीच तांब्या भरून जवळ ठेवला होता. भिकाजीनं स्वतःच्या हातानं एक पान ताराक्कापुढं मांडलं, त्यावर खीर वाढली आणि तिच्या समोर मांडी घालून बसला. लग्नानंतर तो तिला पहिल्यांदा जेवताना पाहणार होता.

ताराक्कानं बोटं बुडवली, घास तोंडात घातला. आणि ती थांबली. तोंड हलेना. डोळे मोठे झाले. कसाबसा घास गिळून ती म्हणाली, "अगं बाई! हे काय झालं? गूळ किती पडलाय ह्यात!"

उमाजी खोकला.

"देवीफुडंच आज असं व्हायचं व्हतं? हात कसा चुकला माझा?"

"चुकला न्हाई," भिकाजी म्हणाला. "रोजचाच हाय."

"रोजचा?"

"चार वर्सं."

ती त्याच्याकडं पाहत राहिली. "चाखायची सोय न्हवती," ती हळूच म्हणाली. "वाटायचं, कमी पडलं असंल. म्हणून आणखी एक मूठ... आन तुमी एवढं खात व्हता? एका शब्दानं बोलला न्हाईसा?"

"तू बोललीस व्हय?" भिकाजी म्हणाला.

ताराक्कानं मान खाली घातली, पानावरची खीर शेवटपर्यंत खाल्ली, बोटं चाटली, पदरानं डोळे पुसले आणि उमाजीकडं हात करून पाण्याचा तांब्या मागितला.